चालू सिलिंडर

पहाटे पावणेपाचला तिचा दिवस सुरू होई. गजर लावत नसे. गजराच्या घड्याळातला सेल कधी संपेल याचा नेम नाही, आणि संपताना तो सांगून संपत नाही, असं तिचं म्हणणं. उठल्यावर आधी शेगडीचा खटका बघायचा, मग पाणी तापवायचं, नवऱ्याला कुशीवर वळवायचं, पाठीला हात लावून कुठे कातडी लाल झाली आहे का ते पाहायचं. सव्वापाचला चहा. पावणेसहाला ती बाहेरून दार ओढून घेई, कुलूप लावी आणि तीनदा हिसका देऊन बघे.

"अहो, निघाले."

"कुलूप मोडेल एक दिवस तुझ्या संशयानं," आतून आवाज येई.

"मोडलं तर कळेल तरी, की कच्चं होतं."

मग एकेचाळीस पायऱ्या. नवरा तरुणपणी गोदामात हमाल होता. पोती वाहून वाहून खुबा गेला, आणि या एकेचाळीस पायऱ्या त्याला डोंगर झाल्या. दोन वर्षांत तो चारदा खाली आला, चारही वेळा खुर्चीत बसून, चार माणसांच्या हातांवर. त्यात दोनदा खुर्ची कलली. दिवसभर परक्या माणसांना धक्का न लागू देता नेणारी ही बाई, पण घरचं माणूस तिला जिन्यावरून सुखरूप उतरवता येत नव्हतं. मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली होती. घरमालकाशी बोलणं झालं होतं. तो म्हणाला होता, "नोकरी आहे ना चालू? मग दीड वर्ष थांबतो. नोकरी गेली तर मात्र खोली दुसऱ्याला." तेवढ्या एका खोलीसाठी ती गुडघे दुखत असतानाही रजा न घेता कामावर जात होती.

रुग्णालयात तिचं काम ट्रॉलीचं. वॉर्डातून शस्त्रक्रियेच्या खोलीत, तिथून वॉर्डात, वॉर्डातून खाली तपासणीच्या खोलीत. ऐकायला सोपं. रिकामी ट्रॉली एक माणूस कसाबसा हलवतो. तिच्यावर सत्तर किलोचा रुग्ण, त्याच्या पायाशी मॉनिटर, डोक्याशी सलाईनचा पंप, खाली ऑक्सिजनचा सिलिंडर, कडेला लघवीची पिशवी. हे सगळं एकाच वेळी निघालं पाहिजे आणि एकाच वेळी पोचलं पाहिजे. एक नळी मागे राहिली की काम बिघडलं. कंबरेनं ढकलणारा पाच वर्षांत स्वतः खाटेवर पडतो. मांड्यांनी ढकलणारा टिकतो. ती बावीस वर्षं टिकली होती.

निघण्याआधी तिची नजर एका क्रमानं फिरे: चाकं, कठडे, पिशवी, नळ्या, पंप, सिलिंडर. सिलिंडरची चावी ती स्वतः फिरवी, कुणी काहीही सांगो. दोन पावलं गेली की थांबे आणि म्हणे, "पुन्हा." मग सगळं पुन्हा. लिफ्टच्या दारात पुन्हा. उतारावर रुग्णाचं डोकं वरच्या बाजूला आहे ना, पुन्हा. त्यावरून तिचं नाव पडलं पुन्हाबाई. नवे डॉक्टर तिचं खरं नाव हेच समजत.

"पुन्हाबाई, तुमच्या लग्नात सप्तपदी दोनदा झाली असेल," एक डॉक्टर म्हणाला होता.

"पहिल्यांदा भटजींनी एक पाऊल खाल्लं होतं," ती म्हणाली. हसली नाही.

सिलिंडरच्या कोठीवर जो माणूस होता त्याला सगळे हवालदार म्हणत. पोलिसाशी त्याचा संबंध नव्हता. हवेचा धंदा म्हणून हवालदार. उंच, कमी बोलणारा, विचाराल तेवढंच सांगणारा. पुन्हाबाईचं त्याच्याशी पटत नसे. दोन महिन्यांपूर्वी त्यानं दिलेल्या सिलिंडरच्या तोंडाशी वायसर झिजलेला होता, हवा सुर्र सुर्र निघत होती. तिनं ते मुकादमाला सांगितलं. मुकादमानं हवालदाराला चार लोकांत झापलं. तेव्हापासून हवालदार तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करी, आणि ती मनात म्हणे, हा डूख धरून आहे.

त्याच सुमारास मेट्रनबाईंनी सिलिंडरच्या मानेला अडकवायला पत्र्याच्या पाट्या करून घेतल्या. तीन रंग, तीन शब्द. हिरवी पाटी: भरलेला. पिवळी: चालू. लाल: रिकामा. पूर्वी काट्याकडे बघून अंदाज करावा लागे, आता लांबूनच कळणार. सगळ्यांनी पाट्यांचं कौतुक केलं. पुन्हाबाईनं केलं नाही, पण वाईटही म्हटलं नाही. पत्रा चांगला होता, कडा घासलेल्या होत्या, हाताला लागत नव्हत्या. त्यापलीकडे तिनं बघितलं नाही.

मंगळवारी दुपारी तिसऱ्या वॉर्डातल्या शिंप्याला तपासणीला खाली न्यायचं होतं. त्याच्या छातीत पाणी झालं होतं. बरगड्यांमधून एक नळी काढून ती पाण्याच्या बाटलीत सोडलेली. ही बाटली म्हणजे ट्रॉलीवाल्याची परीक्षा. ती छातीच्या वर गेली तर बाटलीतलं पाणी उलटं छातीत जातं, आडवी झाली तर हवा शिरते. ट्रॉलीला बाटलीसाठी आकडा असतो. त्या दिवशीच्या ट्रॉलीचा आकडा तुटलेला होता.

"दुसरी ट्रॉली?" तिनं विचारलं.

"दुसरी वर गेली आहे," सिस्टर म्हणाली. "आणि खालून तिसरा फोन आला. चला ना मावशी."

मग बाटली पुन्हाबाईनं स्वतःच्या हातात घेतली. ट्रॉलीच्या कडेनं कमरेत वाकून, बाटली गुडघ्याच्या उंचीवर सरळ धरून चालायचं. एक हात बाटलीला, दुसरा कठड्याला. सिलिंडरच्या चावीला लावायला तिसरा हात नव्हता.

हवालदारानं सिलिंडर आणून ट्रॉलीखालच्या कडीत बसवला आणि सरळ उभा राहिला. सिस्टरनं वाकून पाटी पाहिली. पिवळी.

"चालू आहे ना?"

"चालू आहे," हवालदार म्हणाला आणि निघून गेला.

सिस्टरनं हवा किती सोडायची त्या मापाचं बटण फिरवलं. हवा जिच्यातून जाते त्या पाण्याच्या डबीत बुडबुडे आले. काटा अर्ध्याच्या वर होता. तिनं मुखवटा शिंप्याच्या तोंडावर बसवला. मागच्या टोकाला एक ट्रॉलीवाला मामा होता, त्यानं जोर लावला.

पुन्हाबाई म्हणाली, "पुन्हा." पण वाकलेल्या अवस्थेत तिला चाकं दिसली, पिशवी दिसली, नळी दिसली. चावी ट्रॉलीच्या पलीकडच्या बाजूला होती. सिस्टर म्हणाली, "बघितलंय मी, मावशी." आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं दुसऱ्याचा शब्द धरला.

लिफ्टमध्ये शिंपी बोलला नाही. बोलायला त्याला दम नव्हता. त्यानं कठड्यावरचं तिचं बोट पकडलं आणि पिळलं. तिनं वर पाहिलं. त्याचे ओठ शाईच्या रंगाचे झाले होते. त्याच क्षणी मॉनिटर ओरडायला लागला. डबीतलं पाणी निपचित होतं.

तिनं बाटली खाली ठेवली, गुडघ्यांवर बसून ती दोन्ही गुडघ्यांमध्ये घट्ट धरली, ट्रॉलीखालून हात घातला. चावी बंद. पूर्ण बंद. तिनं दीड वेढा फिरवला. सुस्कारा आला, पाणी उकळल्यासारखं उसळलं. तिनं मनात आकडे मोजले. चाळीसला पोचली तेव्हा शिंप्याच्या ओठांवर रंग परतू लागला.

सिस्टरनं वाकून चावीकडे बघितलं. "सिलिंडर बंद होता?"

"बंद होता."

"पण बुडबुडे आले होते, मावशी. मी डोळ्यांनी बघितले. मामा, तुम्हीही बघितले ना?"

"बघितले," मामा म्हणाला. मग त्यानं पुन्हाबाईकडे पाहिलं. "म्हणजे वाटेत कुणीतरी बंद केला."

लिफ्टमध्ये चौघंच होते. त्यातला एक ट्रॉलीवर आडवा.

शिंपी वाचला, पण मामाचं वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचलं. बुडबुडे आले होते, म्हणजे सिलिंडर उघडा होता. तळाशी पोचेपर्यंत बंद झाला. सिस्टर मॉनिटरजवळ होती, मामा मागच्या टोकाला. सिलिंडरच्या उंचीवर वाकून चालत होतं कोण?

मुकादमानं तिला बोलावलं. त्याच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली ड्यूटीचा तक्ता. बोलताना तो तक्त्याकडे बघत राहिला.

"वाकलेली तूच होतीस."

"हातात बाटली होती."

"एका हातात."

"दुसरा कठड्यावर होता. शिंप्याला विचारा."

"शिंपी म्हणतो त्याला काही आठवत नाही." मुकादम खाकरला. "हे बघ, मी काही म्हणत नाही. पण लोक म्हणतात, हिला तपासून तपासून दाखवायची हौस. स्वतःच बंद केला असेल, स्वतःच उघडला, म्हणजे वाचवलं म्हणून नाव."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, ट्रॉली जिची, जबाबदारी तिची. शनिवारी मेट्रनबाई निर्णय घेतील. तोवर धुण्याच्या विभागात जा."

ती बाहेर आली. शनिवार म्हणजे चार दिवस. निर्णय काय होणार हे मुकादमाच्या खाली घातलेल्या मानेवरून कळत होतं. मग नोकरी नाही, आणि तळमजल्यावरची खोली दुसऱ्याची.

घरी तिनं सांगितलं नाही. पण एका खोलीत राहणाऱ्या माणसापासून काय लपणार? नवरा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "काय झालंय?"

"काही नाही."

"आत आल्यावर कडी एकदाच ओढलीस आज. मी ऐकलं."

तिनं सगळं सांगितलं. त्यानं घास गिळला. मग म्हणाला, "गोदामात पोतं फाटलं की आधी कुणाचं नाव यायचं? ज्याच्या पाठीवर असेल त्याचं. फाडलेलं असायचं कुठेतरी आधीच. तू पोतं भरणाऱ्याला शोध."

पोतं भरणारा म्हणजे हवालदार. तिच्या मनात तेच होतं, आता त्याला आधार मिळाला. त्यानंच काहीतरी केलं. चावीत काहीतरी करून ठेवलं, म्हणजे थोडं चालून आपोआप बंद पडावं. वायसरचा सूड. तिनं ठरवलं, याच्यावर पाळत ठेवायची.

धुण्याचा विभाग कोठीच्या समोरच होता, मध्ये फक्त एक अंगण. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून दोरीवर टाकायचे. एक ओली चादर तीन किलोची, दिवसाला दोनशे. त्या कामाबद्दल तिची तक्रार नव्हती. चादर टाकून ती कडा सरळ करी, आणि कडेवरून कोठीकडे बघत राही.

धुणेवालीनं दोन तास ते पाहिलं. "बाई गं, या वयात? आणि तेही त्या बांबूवर?"

"तोंड सांभाळ."

"मग काय बघतेस? तो काय सिनेमा आहे?"

"चोर आहे."

"काय चोरलं?"

"तेच बघते."

बुधवारी तिनं पाहिलं की हवालदार खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहितो आणि लगेच परत ठेवतो. गुरुवारी पाहिलं की मुकादम कोठीत गेला आणि दहा मिनिटं आतच होता. बाहेर येताना दोघांपैकी कुणी बोललं नाही. न बोलणं हे बोलण्यापेक्षा वाईट. दुपारी हवालदार भिंतीच्या मागे गेला, इकडेतिकडे बघितलं, आणि तिथे बसून डबा खाल्ला. तेसुद्धा तिला संशयास्पद वाटलं. सावलीत बाक असताना माणूस भिंतीमागे का जेवतो?

"त्याची बायको गेल्यापासून तो असाच जेवतो," धुणेवाली म्हणाली. "लोकांसमोर त्याला घास जात नाही."

"तुला कसं माहीत?"

"तुझ्यासारखी मी चादरीच्या आडून बघत नाही. विचारते."

शुक्रवारी अकराच्या सुमाराला वरून एक वापरलेला सिलिंडर परत आला. पुन्हाबाई चादर तशीच दोरीवर सोडून अंगण ओलांडून गेली आणि कोठीच्या दाराआड उभी राहिली. सिलिंडर हवालदारानं तळाच्या कडेवर फिरवत फिरवत आणला. उचलला नाही. तिच्या मनात नको असतानाही आलं, की काम येतं याला. मग त्यानं काट्याकडे पाहिलं. अर्ध्याच्या वर. खिशातली वही काढून आकडा लिहिला. चावी हातात घेतली आणि घट्ट फिरवली. बंद. मग खिळ्यावरून पिवळी पाटी काढून सिलिंडरच्या मानेला अडकवली.

चालू.

ती दारातून आत आली. "सापडलास!"

हवालदार दचकला नाही. हळू वळला. "काय?"

"बंद केलास! माझ्या डोळ्यांसमोर बंद केलास आणि वर पाटी लावलीस चालूची!"

"मग कसली लावू?"

"बंद आहे तो!"

"बंदच ठेवायचा असतो. उघडा ठेवला तर उडून जाईल सगळी हवा."

"मग चालू का लिहिलंस?"

"कारण चालू आहे." लहान मुलाला सांगावं तसं त्यानं बोटानं दाखवलं. "हा भरलेला. अजून सुरुवात नाही. हा रिकामा, संपला. आणि हा मधला. सुरू केलेला, पण उरलेला. चालू. चालू महिना म्हणतात ना? तसा चालू सिलिंडर."

"चालू तू आहेस!"

तोंडातून निघून गेलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. एकच शब्द, आणि तिनं आता तो तिसऱ्याच अर्थानं वापरला होता. ती कोठीच्या उंबऱ्यावर बसली. बसायची सवय नव्हती, पण बसली.

"मंगळवारी सिस्टरनं विचारलं, चालू आहे ना," ती म्हणाली.

"हो. मी म्हटलं, चालू आहे."

"तिनं विचारलं, उघडला आहे का."

"नाही. तिनं विचारलं, चालू आहे ना." मग त्याचाही चेहरा बदलला. त्यानं पाटी हातात धरली. "उघडायचा तूच ना नेहमी. तुझा हात असतो चावीवर, म्हणून मी कधी..."

"माझ्या हातात बाटली होती."

"ते मला कुठे दिसलं? मी पलीकडच्या बाजूला होतो."

अजून एक गोष्ट राहिली होती, आणि पुन्हाबाई ती सोडणार नव्हती. "मग बुडबुडे कसे आले? बंद सिलिंडरला बुडबुडे?"

हवालदार सिलिंडरशी वाकला. त्या बंद सिलिंडरचं मापाचं बटण फिरवलं. सुर्र झालं. काटा अर्ध्याच्या वर होता, तो डुलत डुलत खाली आला आणि शून्यावर टेकला. आवाज थांबला.

"चावी बंद केली तरी मधल्या नळीत थोडी हवा अडकून राहते," तो म्हणाला. "काटा तसाच दिसतो. बटण फिरवलं की तेवढी निघते. चार श्वास, फार तर पाच."

"हे तुला माहीत होतं?"

"कोठीत काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं."

"मग चार दिवस गप्प का होतास?"

"मला कुणी विचारलं?" हवालदाराचा आवाज पहिल्यांदा चढला. "मुकादम आला, म्हणाला, सिलिंडर चालू दिला होतास का? म्हटलं, चालू दिला होता. तो म्हणाला, मग झालं. मला वाटलं तू वाटेत बंद केलास. माझ्यावर घालायला. वायसरसारखं."

 चार दिवस दोघं एकमेकांवर संशय धरून होते. माफी कुणीच मागितली नाही. ती उठली. "पाटी काढू नकोस. काटा परत वर आण, आणि होता तसा बंद कर. ट्रॉली घे."

मेट्रनबाईंच्या खोलीत ट्रॉली न्यायची परवानगी नसते. त्यांनी दारातच ठेवली. मुकादम मागून धावत आला. सिस्टरला बोलावलं गेलं. मेट्रनबाईंनी चष्मा काढून हातात धरला. त्या दोघांना एकत्र बघितल्यावर त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"दोघं मिळून आलात? काल तर एकमेकांचं तोंड बघत नव्हतात. ठरवून आलात का काही?"

"ठरवून आलो असतो तर याच्याबरोबर आले नसते," पुन्हाबाई म्हणाली. "सिस्टर, हा सिलिंडर चालू आहे का?"

सिस्टरनं पाटी पाहिली, काटा पाहिला. "चालू आहे."

"बटण फिरवा. मुखवटा तुमच्या गालाला लावा."

सिस्टरनं लावला. बुडबुडे आले. सगळे बघत होते. एक, दोन, तीन, चार. पाणी थांबलं. सिस्टरनं मुखवटा गालावरून काढून पुन्हा लावला, जणू चूक गालाची असावी. मग तिचं तोंड पांढरं पडलं.

"पण पाटीवर चालू लिहिलंय," ती म्हणाली.

"तेच," हवालदार म्हणाला.

मेट्रनबाईंनी चष्मा घातला आणि पाटी हातात घेऊन वाचली. स्वतः करून घेतलेली पाटी.  एवढ्या छोट्या शब्दावर त्यांना शंका घ्यायची होती, पण जागा सापडत नव्हती.

मुकादम म्हणाला, "बाई, तरीसुद्धा. हिचं कामच आहे तपासायचं. हिनं तपासलं असतं तर झालं नसतं."

खोलीत सगळ्यांनी पुन्हाबाईकडे पाहिलं. ती मान हलवून गप्प राहिली असती तर चाललं असतं. हात बाटली धरण्यात अडकला होता, आकडा तुटलेला होता, सिस्टरनं घाई केली होती. तिन्ही खरी. तळमजल्यावरची खोली तिच्या डोळ्यांसमोर होती.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "बाटली सिस्टरच्या हातात देऊन मला चावी बघता आली असती. अर्धं मिनिट लागलं असतं. मी नाही दिली. बघितलंय म्हणाल्या, मी मानलं. ती चूक माझी. वाटेत बंद केला म्हणता, ती माझी नाही. जी नाही ती लिहू नका, जी आहे ती लिहा."

मेट्रनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. ही बाई यात काही डाव तर खेळत नाही ना, हे त्या शोधत होत्या, आणि ते लपवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मग त्यांनी कागद ओढला. तिघांना लेखी ताकीद: सिस्टर, हवालदार, पुन्हाबाई. आणि मुकादमाला चौथी, तुटलेल्या आकड्याची ट्रॉली वापरात ठेवल्याबद्दल. ताकीद हातात आली तेव्हा पुन्हाबाईनं ती उभ्यानंच दोनदा वाचली, मग सही केली. कामावरून काढल्याचा शब्द कुठे नव्हता.

पाटीचं मात्र भिजत घोंगडं पडलं. "उरलेला लिहा," मुकादम म्हणाला. मेट्रनबाईंना उरलेला हलका वाटला. सिस्टर म्हणाली, "अर्धवट?"

"अर्धवट म्हणजे कोण, मी का?" हवालदार म्हणाला. "सरळ उष्टा लिहा. सगळ्यांना कळेल."

मेट्रनबाईंनी 'वापरातला' छापून घेतलं. पण तोंडी सगळे उष्टाच म्हणत राहिले. "एक उष्टा पाठव वर." आणि निघताना सिस्टर आता चालू आहे का विचारत नसत. "चावी कुणी फिरवली?" असं विचारत, आणि ज्यानं फिरवली त्यानं 'मी' म्हणायचं. 'मी' आला नाही तर ट्रॉली हलायची नाही. ही रीत कुणी लिहून दिली नाही, आपोआप पडली.

पुन्हाबाई सोमवारी ट्रॉलीवर परतली. चावी जिथे येते तिथे तिनं ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, म्हणजे कुठल्याही बाजूनं वाकलं तरी हात कुठे घालायचा ते दिसावं. हवालदार तिला सिलिंडर देताना अजूनही कमीच बोले. तीही कमीच बोले. एकदा त्यानं सिलिंडर कडीत बसवला आणि स्वतःहून म्हणाला, "बंद आहे. उष्टा आहे. वायसर नवा आहे." तिनं तरी वाकून वायसर बघितला. तो नवाच होता.

त्यानंतर ती पंधरा महिने कामावर गेली. गुडघ्यांना पट्टा बांधून, रजा न घेता. घरमालक महिन्याआड चौकशी करी, "आहे ना अजून नोकरी?" आणि ती म्हणे, "आहे. तुमची खोली आहे ना अजून?" दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता, त्यामुळे दोघंही शब्दाला पक्के राहिले.

खोली घेण्याआधी ती तीन वेळा बघून आली. भिंतीला कान लावून, बोटानं टकटक करून ओल शोधली. दाराची रुंदी दोरीनं मापली, मग तीच दोरी चाकांच्या खुर्चीला लावली. दोन बोटं जागा उरत होती. फक्त जोतं जमिनीपासून आठ इंच वर होतं आणि पुढे एक पायरी.

गवंडी म्हणाला, "मावशी, पायरीवर तीन फुटांचा उतार टाकतो. काम होऊन जाईल."

"काम होईल. ढकलणारा मरेल. आठ इंचाला आठ फूट."

"आठ फूट? अहो, अंगण जाईल निम्मं!"

"जाऊ दे. अंगणात मला काय नाचायचंय?"

गवंड्यानं आठ फूट उतार केला. ती शेजारी उभी राहिली आणि पट्टी लावून घेतली. वर घसरू नये म्हणून ओल्या सिमेंटवर खराट्यानं आडव्या रेघा ओढून घेतल्या. कडेला चार इंचाची उंच कड, चाक घसरलं तर अडावं म्हणून. सात दिवस पाणी मारलं. आठव्या दिवशी चार माणसांनी नवऱ्याला एकेचाळीस पायऱ्या शेवटचं उतरवलं. ती पुढे उलटी चालत होती, खुर्चीचे पाय धरून.

उताराच्या तळाशी त्याला चाकांच्या खुर्चीत बसवून तिनं त्या चौघांना बाजूला व्हायला सांगितलं. नवऱ्यानं चाकांवर हात ठेवले आणि तिच्याकडे संशयानं पाहिलं.

"मला जमेल?"

"मी गवंड्याला आठ फूट उगाच करायला लावले का?"

त्यानं चाकं फिरवली. मध्ये एकदा थांबला, दम घेतला. कुणी हात लावला नाही. मग वर गेला, दारातून आत. बावीस वर्षांच्या पगारातून, आणि वरच्या पंधरा महिन्यांच्या, तेवढं आलं: एक खोली, आणि ते आठ फूट सिमेंट.